जिना नव्हताच

भाचीनं लग्न ठरवलं तेव्हा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला, आणि त्या दिवशी त्यानं भाचीकडे दहा मिनिटंसुद्धा धड पाहिलं नाही. त्यात भाचीचा काही दोष नव्हता. चूक झाली ती तिच्या आईच्या तोंडून. बोलता बोलता ती सहज म्हणून गेली, की आमची धाकटी आता पोहायला शिकवते, पण पूर्वी सिनेमात नट्यांच्या बदली उड्या मारायची, त्या दीपगृहावरची उडी हिचीच. जावयानं हातातला कप बशीत ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. चष्म्याचं दुकान चालवणारा, दिवसभर लोकांना 'आता खालची ओळ वाचा' असं सांगणारा शांत माणूस तो. मावशीच्या डाव्या मनगटाकडे टक लावून बघत बसला. मनगट किंचित बाहेर वळलेलं होतं, पाण्यातून काठी दिसते तसं.

"मोडलं होतं का हो?" त्यानं हळूच विचारलं.

"मोडलं होतं," मावशी म्हणाली. "चहा गार होतोय तुमचा."

तेव्हापासून घरात एक ठरलेली थट्टा झाली, की जावयानं लग्न केलं ते मावशीशी नातं जोडायला, भाची आपली मधे आली. भाची स्वतःच ती थट्टा सगळ्यांत जास्त करायची.

दीपगृहाचे सिनेमे तीन होते. त्यात एक कप्तान होती, बाई, मोठ्या आवाजाची आणि कुणाच्या बापाला न भिणारी. तिच्यासोबत एक घड्याळजी होता, सगळ्याला भिणारा. ही दोघं एका जुन्या नकाशावरून विझलेली दीपगृहं शोधत फिरायची आणि एकेक पुन्हा पेटवायची. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण ज्या वर्षी दुसरा सिनेमा आला त्या वर्षी गल्लोगल्ली पोरं कठड्यांना एका हातानं लटकायला लागली. कारण त्या सिनेमाच्या शेवटी दीपगृहाला आग लागते, आतला जिना धडाधड कोसळतो, कप्तान वर अडकते, आणि साठ फुटांवरून समुद्रात उडी मारते. घड्याळजी होडीतून दोर फेकतो आणि ती तो उजव्या हातानं धरते. एकाच हातानं. डावा हात छातीशी. ती एका हाताची पकड भित्तिपत्रकांवर आली, डब्यांवर आली, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर आली. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे!

रुबाब कसला. डावा हात मोडला होता म्हणून एका हातानं धरला. उडी दोनदा झाली. पहिली छान झाली, पण नेमका ढग आला आणि उजेड गेला, म्हणून पुन्हा मारायला सांगितली. दुसऱ्या वेळी वर वारा सुटला होता. शरीर अर्ध्या वाटेत जरासं कललं, डावा हात अंगापासून सुटला आणि पाण्यानं तो फळीसारखा मोडला. सिनेमात आहे ती दुसरी उडी. मावशी तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. कप्तानचं काम करणारी नटी भली होती. ती इस्पितळात भेटायला आली आणि म्हणाली, आता उरलेला सगळा सिनेमा मी तुझ्यासारखा डावा हात छातीशी धरून काढणार आहे. तिनं तसा काढलासुद्धा.

नाव मात्र कुठेच आलं नाही. त्या काळी कंपनीनं एका कागदावर सही घेतली होती, की उडी कोणी मारली हे मावशी कधीही, कोणालाही सांगणार नाही. लोकांना वाटलं पाहिजे नटीनंच मारली. मावशीनं सही केली, हात प्लास्टरमधून निघाल्यावर आणखी चार-सहा सिनेमे केले, मग खांदाही कुरकुरायला लागला तशी ती तलावावर लागली. आता ती एकसष्ट वर्षांची होती. सकाळी सहा ते दहा मोठ्यांचे वर्ग, दुपारी शाळेतली मुलं. गळ्यात शिट्टी, पायात रबरी सपाता, अंगाला कायमचा क्लोरीनचा वास.

तिला त्या सिनेमांचं फारसं काही वाटायचं नाही. काम होतं, केलं. आठवणी काढून डोळे ओले करणाऱ्यांपैकी ती नव्हती. ते खातं जावयाकडे होतं. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे काचा घासायचं यंत्र होतं, दर रविवारी सात-आठ जण जमायचे. एक दाढदुखीचा डॉक्टर, एक छापखान्यातली बाई, एक बसचालक, असे सगळे चाळिशी ओलांडलेले. तिन्ही सिनेमे तोंडपाठ. पहिल्या सिनेमातल्या नकाशात सहा बेटं आहेत की सात, यावरून तिथे एकदा दोघांचं बोलणं दोन महिने बंद होतं. आणि वर्षातून एकदा तरी विषय निघायचाच, की कप्ताननं दोर एकाच हातानं का धरला? दिग्दर्शकाची कल्पना होती, का नटीची, का त्यात काही खोल अर्थ आहे? डॉक्टर अर्थ काढायचा. जावई बिचारा मान खाली घालून एकच काच पुन्हापुन्हा पुसत बसायचा. चौदा वर्षं त्यानं तोंड उघडलं नाही. मावशीनं तशी ताकीद दिली होती.

आणि मग, एकतीस वर्षांनी, चौथा सिनेमा येणार अशी बातमी आली.

जावई हवेत तरंगायला लागला. भाची म्हणाली, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत हा इतका उतावीळ नव्हता." कप्तानचं काम तीच जुनी नटी करणार होती, सत्तरीची. दिग्दर्शक नवा होता, चाळिशीच्या आतला, हुशार म्हणून नावाजलेला. मुलाखतींत तो सांगायचा की मी या सिनेमांवरच वाढलो. जावई ते वाक्य दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा. पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाची तिकिटं त्यानं काढली आणि मावशीला बळंच नेलं. ती जायला तयार झाली ते त्याचं तोंड बघून.

सिनेमा वाईट होता असं म्हणता येणार नाही. समुद्र झकास दिसत होता. होड्या उलटत होत्या, स्फोट होत होते. कप्तान आता म्हातारी होऊन बंदरावरच्या एका खानावळीत बसलेली दाखवली होती. तिच्याकडे एक तरणी मुलगी येते, नवी नायिका, आणि डोळे मोठे करून विचारते, तुम्ही खरंच त्या दीपगृहावरून उडी मारली होती? कप्तान पेला खाली ठेवते आणि हसते. म्हणते, "वेडी आहेस का? जिन्यानं उतरले. उडीचं त्या घड्याळजीनं पसरवलं."

थिएटर खदखदून हसलं.

मावशीनं आजूबाजूला पाहिलं. पुढच्या रांगेतला एक माणूस बायकोला कोपर मारून हसत होता. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. विनोद होता, लोक हसले. पण मावशीला कोणीतरी मागून ढकलल्यासारखं झालं. तिला स्वतःलाच नवल वाटलं. एवढी वर्षं कोणी नाव घेतलं नाही त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. उडी नटीच्या नावावर होती, असू दे, पण होती तरी. ती आज या लोकांनी पुसून टाकली होती, आणि वर हसत होते. तिनं उजव्या हातानं डावं मनगट धरलं आणि सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाही.

जावई बाहेर आला. पायऱ्यांवर बसून त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. शेवटी म्हणाला, "जिना तर कोसळला होता. आधीच्याच प्रसंगात. सगळ्यांनी पाहिलाय तो कोसळताना."

भाची त्याची समजूत घालायला लागली, की अरे, सिनेमा आहे. नेहमी मावशीच असं म्हणायची. आज ती जावयाशेजारी पायरीवर बसली.

पुढच्या रविवारी मागच्या खोलीत नुसता आगडोंब उसळला होता. छापखान्यातली बाई रडली. बसचालक म्हणाला, माझ्या मुलाला मी तो सिनेमा दाखवून पोहायला पाठवलं, आता त्याला काय सांगू? डॉक्टर तेवढा म्हणत होता की आपण म्हातारे झालो आहोत, आपल्याला काहीच आवडणार नाही, सोडून द्या. यावर जावयाचा तोल सुटला. तिथल्या तिथे त्यानं कंपनीला एक लांबलचक पत्र लिहिलं आणि रागाच्या भरात त्यात तेही लिहून टाकलं, जे चौदा वर्षं पोटात ठेवलं होतं: ती उडी जिनं मारली ती बाई जिवंत आहे, अमुक तलावावर पोहायला शिकवते, जाऊन तिला विचारा जिना होता का.

पत्र पाठवून झाल्यावर त्याला घाम फुटला. मावशीला सांगायला तो स्वतः तलावावर गेला, बूट हातात घेऊन ओल्या फरशीवरून चालत. मावशीनं ऐकून घेतलं. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "पत्रात उंची साठ फूट लिहिलीत ना? लोक पन्नास म्हणतात. साठ होती."

चार दिवसांनी तलावावर एक मुलगी आली. कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघणारी, टापटीप, गोड बोलणारी. तिनं सांगितलं की सिनेमाबद्दल जुन्या लोकांत थोडी नाराजी आहे, म्हणून शहरातल्या मोठ्या थिएटरात चाहत्यांचा मेळावा ठेवला आहे. दिग्दर्शक येणार आहेत. मॅडमनी मंचावर यावं, सत्कार स्वीकारावा, दोन शब्द बोलावेत. इतक्या वर्षांनी, जुन्या सहकारी म्हणून, तुमचं नाव जगासमोर येईल, कंपनीला त्याचा आनंदच आहे. दोन शब्द कोणते, तेही तिनं एका कार्डावर लिहूनच आणले होते. मावशीनं चष्मा लावून वाचलं: 'उडी कोणी मारली, मारली की नाही, हे महत्त्वाचं नाही. महत्त्वाच्या असतात आठवणी. नवी गोष्ट मला मनापासून पटली.'

"हे कोणी लिहिलं?" मावशीनं विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी मिळून," मुलगी म्हणाली.

"सगळ्यांना पोहता येतं?"

मुलगी गोंधळून हसली. मावशीनं कार्ड घडी न घालता पिशवीत ठेवलं आणि येते म्हणून सांगितलं.

मेळाव्याला थिएटर गच्च भरलं होतं. कित्येक जण कप्तानसारखे निळे कोट घालून आले होते, पोटावर बटण न लागणारे. भाची आणि जावई तिसऱ्या रांगेत होते, शेजारी रविवारची सगळी मंडळी. त्यांना आता कळलं होतं, आणि डॉक्टर दर दोन मिनिटांनी जावयाकडे वळून अविश्वासानं बघत होता. मंचावर दोन खुर्च्या होत्या. दिग्दर्शक दिसायला हसरा, बोलायला मोकळा. त्यानं मावशीचं उठून स्वागत केलं, तिला आधी बसू दिलं. सत्काराचा पुष्पगुच्छ झाला, टाळ्या झाल्या. मग प्रसिद्धीवाल्या मुलीनं मावशीच्या हातात ध्वनिक्षेपक दिला.

मावशीनं कार्ड काढलं. पहिलं वाक्य वाचलं, "उडी कोणी मारली, मारली की नाही, हे महत्त्वाचं नाही." आणि थांबली. कार्ड तिनं शेजारच्या पाण्याच्या पेल्याखाली ठेवलं.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "माझं असं आहे, की जिना नव्हताच. गोष्टीत कोसळला होता हे तुम्हाला माहीत आहे. पण खरोखरसुद्धा तिथे नव्हता, कोसळला तो स्टुडिओत. ते दीपगृह म्हणजे पुढची अर्धी भिंत होती, लाकडाची, वर गिलावा. मागे लोखंडी सांगाडा. वर चढायला सांगाड्याला बांधलेली शिडी. खाली यायला दोन वाटा, मागून शिडी नाहीतर पुढून समुद्र."

दिग्दर्शक खेळकरपणे म्हणाला, "म्हणजे शिडीनं उतरता आलं असतं."

हशा पिकला. चांगला मोठा हशा होता. मावशी तो ओसरेपर्यंत थांबली. वर्गात गलका झाला की थांबायची तशी.

"आलं असतं," ती म्हणाली. "नाही उतरले. दोनदा वर गेले, दोन्ही वेळा शिडी मागेच होती. दुसऱ्या वेळी वारा होता. खालून एक जण ओरडून म्हणालासुद्धा, राहू दे, उतर. नाही उतरले." तिनं डावा हात वर केला, बाही मागे सारली आणि मनगट दिव्यात धरलं. "एका हातानं दोर का धरला याच्यावर तुम्ही बरंच काय काय बोलता म्हणे. हा मोडला होता म्हणून. दुसरा काही अर्थ नाही."

तिसऱ्या रांगेत डॉक्टरनं कपाळाला हात लावला.

मावशीला खरं तर एवढंच बोलायचं होतं. पण दिग्दर्शक काही बोलणार असं दिसलं, तशी ती त्याच्याकडे वळली आणि आवाज न चढवता म्हणाली, "कप्तान म्हातारी दाखवलीत त्याचं मला काही नाही. मीही झाले. लंगडी दाखवा, एकटी दाखवा, विसराळू दाखवा. सगळं होतं माणसाचं. पण खोटारडी का? तिनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

पुढे काय झालं ते प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. टाळ्या झाल्या हे खरं. जावई उभा राहिला हे खरं, आणि त्याच्यामागे निम्मं थिएटर उभं राहिलं हेही खरं. काही जण ओरडलेही, की बाई, जुनं किती उगाळायचं, सिनेमा मस्त आहे. प्रसिद्धीवाल्या मुलीनं ध्वनिक्षेपक घेतला आणि चहाची सोय बाहेर आहे असं जाहीर केलं. दिग्दर्शक खुर्चीतच बसून राहिला. मावशी पुष्पगुच्छ तिथेच ठेवून खाली उतरली.

आठवड्याच्या आत कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. त्यात तारखेसकट लिहिलं होतं, की आपण अमुक साली सही केलेल्या कागदानुसार सदर उडी कोणी मारली हे गुपित ठेवणं आपल्यावर बंधनकारक होतं. ते आपण जाहीर सभेत फोडलं. त्याबद्दल लेखी माफी मागावी आणि यापुढे या विषयावर बोलणार नाही असं लिहून द्यावं, अन्यथा कंपनीला पुढची पावलं उचलावी लागतील.

भाचीचं धाबं दणाणलं. ती पत्र घेऊन फेऱ्या मारायला लागली. म्हणाली, मावशी, लिहून दे दोन ओळी, कशाला त्यांच्या नादी लागतेस, तू बोललीस ते सगळ्यांनी ऐकलं आहे, आता माफी मागितलीस तरी ते काय परत जाणार आहे? जावई तर अपराध्यासारखा कोपऱ्यात बसला होता. त्याच्या मते सगळं त्याच्या एका पत्रानं झालं होतं, आणि ते खरंच होतं.

"माफी ज्यानं चूक केली त्यानं मागायची," मावशी म्हणाली. "पेन दे."

तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, वकिलाच्या पत्राच्याच पाठीमागे, तलावावरच्या हजेरीपटात लिहायची तशा मोठ्या सरळ अक्षरात उत्तर लिहिलं. भाचीनं ते मोठ्यानं वाचलं: 'कागदावर सही माझीच आहे. त्यात लिहिलं आहे की उडी मी मारली हे मी कोणाला सांगणार नाही. पण तुमच्याच नव्या सिनेमात तुम्ही सगळ्या जगाला सांगितलं आहे की उडी झालीच नाही, कप्तान जिन्यानं उतरली. मग न झालेल्या उडीचं गुपित मी फोडलं कसं? आधी उडी झाली होती असं तुम्ही लेखी कळवा. मग माझ्या माफीचं बघू.'

भाची वाचता वाचता हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयानं पत्राची प्रत काढून आणली, दुकानात लावायला. मावशीनं दुकानात लावू दिली नाही. पण पत्र मात्र पोचपावतीनं पाठवलं.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला, कंपनीकडून ना लेखी काही आलं, ना फोन. सिनेमा चालायचा तेवढा चालला. भरपूर चालला असं म्हणतात. जिन्याचं वाक्य त्यात होतं तिथेच राहिलं. कप्तानचं काम करणाऱ्या नटीची तब्येत तेव्हा बरी नव्हती, पण तिनं कोणाच्या तरी हाती चार ओळींची चिठ्ठी पाठवली. तिनं लिहिलं होतं, की ते वाक्य म्हणायला मी तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा थकले. मावशीनं ती चिठ्ठी वाचून कपाटात ठेवली आणि तिच्याबद्दल कोणाला वाकडं बोलू दिलं नाही.

एके दिवशी सकाळचा वर्ग संपत आला असताना दिग्दर्शक तलावावर आला. एकटाच. बूट काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही, तेव्हा मावशीनं शिट्टी वाजवून त्याला पायांकडे बोट दाखवलं. तो बूट हातात घेऊन कडेच्या बाकावर बसला. वर्ग संपेपर्यंत बसून राहिला.

त्यानं जे सांगितलं ते असं. आठ वर्षांचा असताना त्यानं तो सिनेमा पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी गॅरेजच्या छपरावरून उडी मारली, एका हातानं कपड्यांची दोरी धरायला. दोरी तुटली. पाय दोन ठिकाणी मोडला, सबंध उन्हाळा खाटेवर गेला. वडील रोज संध्याकाळी खाटेशी येऊन म्हणायचे, मूर्खा, सिनेमातलं सगळं खोटं असतं, ती बाई जिन्यानं उतरली असेल आणि तू पाय मोडून घेतलास. ते वाक्य त्याच्या डोक्यात बसलं. सिनेमा लिहायला घेतला तेव्हा ते आपोआप कागदावर उतरलं. त्याला वाटलं होतं, विनोद आहे, आणि शिवाय खरं आहे.

"मला खरंच वाटलं होतं की कोणीच मारली नसेल," तो म्हणाला. "काहीतरी युक्ती असेल."

मावशीला त्याची दया आली नाही असं नाही. आठ वर्षांचं पोर, उन्हाळाभर खाटेवर. पण तिनं ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

"तुमचा पाय मोडला, माझा हात मोडला," ती म्हणाली. "मोडलं म्हणून उडी खोटी होत नाही. तुमचीसुद्धा खरीच होती. तुमच्या वडिलांना ते सांगायचं सोडून तुम्ही त्यांचंच वाक्य कप्तानच्या तोंडी घातलंत."

मग त्यानं विचारलं, की आता काय करता येईल. सिनेमा तर बदलता येणार नाही, कंपनी हात लावू देणार नाही.

"बदलूच नका," मावशी म्हणाली. "राहू दे तसाच. लोकांना दिसू दे तुम्ही काय केलंत ते. मला माझं नाव हवंय. जुन्या सिनेमाच्या नावांच्या यादीत, जिथे पहिल्यापासून असायला हवं होतं तिथे. ते तुम्ही मिळवून द्या, नाही जमलं तर नाही जमलं म्हणून येऊन सांगा. फोन करू नका, मला पाण्यात ऐकू येत नाही."

त्यानं मान डोलावली. जाताना त्यानं एक फोटो काढू का म्हणून विचारलं, तिनं नाही म्हटलं. तिला दुपारच्या मुलांसाठी पोहायच्या फळ्या मोजून ठेवायच्या होत्या.

नाव यायला दीड वर्ष लागलं. जुने तिन्ही सिनेमे पुन्हा थिएटरात लावायचं कंपनीनं ठरवलं तेव्हा दुसऱ्याच्या शेवटी एक ओळ वाढली. त्यात 'उडी' असा शब्द नव्हता, 'विशेष साहाय्य' असं काहीतरी मोघम होतं, पण नाव मावशीचं होतं, आडनावासकट, आणि स्पेलिंग बरोबर होतं. यादी फार वेगानं वर सरकत होती. जावयानं ती बघायला सलग तीन खेळ पाहिले, तिसऱ्याला त्याला ती नीट वाचता आली. चष्मेवाला असून तीन खेळ लागले, असं भाची अजून सगळ्यांना सांगते. दिग्दर्शकानं ते कसं घडवून आणलं हे त्यानं कधी सांगितलं नाही. तो तलावावर येऊन "झालं" एवढंच बोलून गेला. मावशीनं त्याला बसा म्हटलं नाही. पण बूट काढायची आठवण या वेळी द्यावी लागली नाही, हे तिच्या लक्षात आलं.

आणि त्यानंतर, व्हायचं ते झालं. पाचवा सिनेमा येणार अशी बातमी आली. या वेळी घड्याळजीचा नातू, आणि दीपगृहं चक्क चंद्रावर. जेवताना जावई तावातावानं बोलत होता, की आता बस्स, मी पाऊल टाकणार नाही, माझ्यासाठी दीपगृहाचे सिनेमे तीन आहेत आणि तीनच राहतील, रविवारच्या मंडळींनी तसा ठराव केला आहे. भाची ताटात वाढता वाढता म्हणाली, पहिल्या खेळाची तिकिटं कधी मिळायला लागणार ते तेवढं सांग. जावई लाल झाला. त्याला तारीख माहीत होती.

"काढा तिकिटं," मावशी म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागली.

"अहो मावशी, चंद्रावर आहे ते," जावई म्हणाला.

"असू दे. आपण गेलो नाही तर त्यांना वाटेल की कोणी बघत नाही, काहीही केलं तरी चालतं. बघायला आपण पाहिजे. वाईट असलं तर तिथेच सांगू." तिनं वाटी पुढे केली. "कडेची खुर्ची घ्या माझ्यासाठी. गुडघा लांब करायला जागा लागते."